टोपीचे अस्तर आणि बाळकुमचा चिखल

‘अंमलदार वाचला तो बाळकुमच्या शेतातील चिखलामुळे, टोपीचा त्यात काडीचा संबंध नाही.’ ठाण्यातील जाणती म्हणवणारी मंडळी आजही हे ठासून सांगतात. त्यांतील एकही जण त्या दिवशी तेथे नव्हता. मी होतो.

माझे मामा रिसाल्यातील गोऱ्या अंमलदारांसाठी भेंडाच्या टोप्या करीत. बाशिंगाला लागतो तोच हा पांढरा, हलका भेंड. त्याचे थर खळीने चिकटवून मामा टोपी इतकी कडक करीत की बोटाने ठोकल्यास ती मडक्यासारखी वाजे. गिऱ्हाईकही वाजवूनच घेई. उन्हापुरते ते ठीक होते. परंतु घोड्यावरून पडणाऱ्याला कडक टोपीचा काय उपयोग? कुंभार मडकी गाडीत भरताना पेंढा पसरतो, फळ्या नव्हे. म्हणून मी टोपीच्या आत, खळ न लावलेल्या भेंडाच्या पट्ट्यांचे मऊ अस्तर बसवले. आपटल्यावर ते चेपावे आणि मार त्यानेच खावा, एवढाच हेतू.

“अरे शहाण्या, टोपी करतोस की उशी?” मामा कडाडले.

“मामा, एकदा कोणाला घालून तर पाहू द्या.”

“आणि कोठीवरच्या हवालदाराने वाजवली म्हणजे? माल तुझ्याच डोक्यावर परत येईल!”

हवालदाराने वाजवली आणि नाक मुरडले. एका तरुण अंमलदाराने मात्र ती हसत डोक्यावर चढवली. पुढे मी छावणीकडे माल नेत असता बाळकुमजवळ त्याचा घोडा माझ्या डोळ्यांदेखत बुजला. अंमलदार शेताच्या बांधाजवळ चिखलात डोक्यावर आपटला, आणि उठून बसून प्रथम घोडा कोठे गेला ते विचारू लागला. टोपी मी उलटी करून पाहिली. एका बाजूचे अस्तर पापडासारखे चपटे झाले होते.

तरीही चिखलाची कथा छावणीत पोहोचली. हवालदार पुन्हा कडक टोप्या मागू लागला, आणि मामांनी अस्तर बंद करण्याचे ठरवले. पुढचा स्वार पडला असता तर त्याचे डोके कोणी राखले असते? चपटे अस्तर पुढे केले, तर मामा “वापराने चेपले असेल” म्हणाले. तेव्हा मी मामांना एकच गोष्ट ऐकवली, आणि अस्तर राहिले. या मंडळींनाही तीच ऐकवतो: ज्या चिखलाने डोके राखले म्हणता, त्याच चिखलात, त्याच आपटण्यात, अंमलदाराच्या खांद्याचे हाड मोडले होते.