तंबाखूच्या काढ्यातला खिळा

प्रयोगशाळेत कडुलिंबाचा पाला उकळायला लागला की त्या कडवट वासासरशी पेडगावच्या शाळेतलं आमचं दोन दिवसांचं विज्ञान प्रदर्शन आठवतं. आदल्या संध्याकाळी मी दोन बाटल्यांत पातळ तेजाब ओतून एकेक खिळा टाकला होता. एका बाटलीत कडुलिंबाच्या पाल्याचा काढाही घातला होता. सकाळी साध्या तेजाबातला खिळा झिजून काळा पडला होता, काढ्यातला शाबूत होता. शेजारच्या काकूंनी त्या बाटलीला हळदकुंकू लावलं. "देवीचा पाला हाय पोरी, तेजाब काय करंल?" पाठोपाठ बाया हात जोडू लागल्या आणि माझा प्रयोग माझ्यासमोरच चमत्कार व्हायला लागला. मी वाद घातला नाही. काकूंच्याच बटव्यातली तंबाखू मागून उकळली आणि तिसऱ्या बाटलीत तेजाब, तो काढा आणि नवा खिळा घातला. दुसऱ्या दिवशी तोही खिळा शाबूत. "आता तंबाखूलाबी कुंकू लावता का, काकू?" "लय शानी झालीस," त्या हसल्या, "दोन्हीत असं काय हाय, ते सांग आधी." मी सांगितलं, पानांतली सेंद्रिय द्रव्यं लोखंडावर पातळ थर धरतात आणि तेजाबाला भिडू देत नाहीत. आज मी रसायनशास्त्र शिकवते, आणि माणसं बदलत नाहीत असं कुणी म्हणालं, की त्याला काकूंचा तो प्रश्न ऐकवते.