गुरुजींच्या रक्तातला आकडा

नव्वदच्या दशकात मी बनारसच्या एका मोठ्या इस्पितळात भूल देण्याचं शिक्षण घेत होते. विभागात एक नवं यंत्र तपासायला आलं होतं, कॉम्प्युटरला जोडलेला सिरिंज पंप. रुग्णाचं वय-वजन भरलं की गुंगीचं दुधासारखं पांढरं औषध किती वेगानं सोडायचं ते तो स्वतः ठरवायचा आणि रक्तात किती औषध आहे त्याचा अंदाज पडद्यावर दाखवायचा. तो अंदाज कितपत बरोबर, हे पाहायला आम्ही दुसऱ्या हातातून रक्त घेऊन प्रयोगशाळेत पाठवायचो.

मंगला गौरीच्या देवळाजवळ राहणारे एक मराठी गुरुजी घाटाच्या पायरीवर घसरून दाखल झाले. सत्तरी उलटलेली, अंगानं काडी. ऑपरेशन मांडीच्या हाडाचं होतं. कमरेखालचा भाग बधिर करून वर हलकी गुंगी द्यायची होती. मी त्यांना यंत्राबद्दल मराठीत समजावलं. इस्पितळात घरची बोली ऐकून ते खुलले.

"घे तुझी परीक्षा," म्हणत त्यांनी सही केली.

"परीक्षा मशीनची आहे, गुरुजी."

"मग माझ्यावर कशाला घेतेस?" आणि स्वतःच हसले.

टेबलावर पंप सुरू करून गुंगी किती चढली ते पाहायला मी पहिली हाक मारली तेव्हा त्यांनी डोळे उघडले. दुसरीला उघडले नाहीत. पडद्यावरचा आकडा हलक्या झोपेचाच होता, म्हणून मी निर्धास्त होते. खरं तर मी पडद्याकडेच पाहत होते. त्यांची छाती हलायची थांबली ते नर्सनं दाखवलं. मी पंप बंद केला, हनुवटी उचलली, मास्क लावून पिशवी दाबत राहिले. काही मिनिटांनी त्यांचा स्वतःचा श्वास सुरू झाला. मग दुसऱ्या हातातून रक्त घेऊन मी प्रयोगशाळेत पाठवलं.

आठवड्यानं रिपोर्ट आला. रक्तातलं औषध पडद्यावरच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट होतं. आमचे सर कागद पाहून म्हणाले, "इसे निकाल दो. बूढ़ा, दुबला मरीज, पूरा औसत बिगाड़ देगा."

संध्याकाळी मी वॉर्डात जाऊन गुरुजींना सगळं सांगितलं. श्वास थांबला होता, हेही. ते पांघरुणाच्या दशा चाळवत बसले.

"आणि आता माझा आकडा गाळणार?"

"सर तसं म्हणतायत."

"माझ्यासारखे म्हातारे या गावात काय थोडे आहेत? उद्या त्यांनाही हेच मशीन लावाल ना?"

दुसऱ्या दिवशी मी सरांना तेच वाक्य हिंदीत ऐकवलं. ते चिडले, मला बाहेर जायला सांगितलं. दुपारी स्वतःच बोलावून म्हणाले, "रहने दो. लिखो."

सरासरी बिघडली. म्हाताऱ्या रुग्णांना आम्ही निम्म्या औषधावरून सुरुवात करू लागलो, आणि छातीवर नजर ठेवायला एक माणूस वेगळा बसू लागला. गुरुजी काठी टेकत घरी गेले. जाताना त्यांनी मला पत्ता दिला आणि जेवायला बोलावलं. मला जायला जमलं नाही, याची चुटपुट अजून आहे.