राजाची एक उडी

भर स्पर्धेत मी राजाला घोड्याची उडी मारायला लावली. तेव्हा मी नुकतीच साठीची झाले होते, बँकेतून निवृत्त, आणि अंगात नको तेवढा आत्मविश्वास असलेली एक ठोंबी.

झालं असं, की नातीला बुद्धिबळ कुणी शिकवायचं यावरून सुनेचं नि माझं बिनसलं. सून म्हणे, गंगापूर रोडला चांगला क्लास आहे. मी म्हणे, घरात आजी असताना क्लास कशाला? शेवटी तिनेच तोडगा काढला. कॉलेज रोडच्या खुल्या स्पर्धेत मी एक तरी डाव जिंकायचा. जिंकले तर नात माझी, नाहीतर क्लासची.

शेवटच्या फेरीपर्यंत मी सगळे डाव इमानेइतबारे हरले. मग समोर आले ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. मी मोबाईलवर बघून पाठ केलेली इटालियन सुरुवात केली. राजापुढचं प्यादं दोन घरं, घोडा बाहेर, उंट तिरका. इतकं झकास जमलं, की मला त्या गृहस्थांची दयाच आली.

पण त्यापुढचं पाठ नव्हतं. मग हात आपोआप वडिलांनी शिकवलेलं खेळू लागला. आमच्या सिन्नरच्या घरी नियम असा, की शह बसायच्या आत राजाने एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारून घ्यायची. मी आधी एक प्यादं पुढे सरकवलं, पुढच्या चालीला त्या रिकाम्या घरात राजा उडवून बसवला आणि घड्याळ असं दाबलं, जणू ढालच मिळाली.

गृहस्थांनी घड्याळ थांबवून पंचांना बोलावलं. पंच म्हणाले, ही चाल चालत नाही, आणि हात राजाला लावलाय तर आता राजाच हलवा. मी त्यांना शांतपणे समजावलं, की हे चालतं, माझे वडील चालवायचे. पंचांनी वडिलांची चौकशी केली नाही. गृहस्थ मात्र हळूच म्हणाले, आमच्याकडेही चालायचं हो, पण घरी.

राजा मुकाट एक घर सरकला. कॅसलिंग गेलं, म्हणजे राजाला हत्तीआड लपवायची सोय संपली, राजा उघड्यावर पडला आणि थोड्याच वेळात त्यांच्या वजिराने मात दिली.

घरी जाताना रिक्षात सून नि नात माझ्या दोन्ही बाजूंना बसल्या. मीच नातीला म्हटलं, जा बाई तू क्लासला.

नात म्हणाली, "आजी, तू पण चल ना. शनिवारी छोट्यांची बॅच असते, तिथे सगळं पहिल्यापासून शिकवतात. आणि चुकलं तरी टीचर रागवत नाहीत."