मास्तरांच्या मुलीचं नाव

कापड बेतण्यात मास्तरांचा हात धरणारा त्या शिंप्याच्या दुकानात कुणी नव्हता. मापं मालक घ्यायचे आणि हमखास चुकायचे. मास्तर ब्र न काढता खडूची रेघ बोटभर बाहेर ओढायचे, की झालं. मालकाची चूक तोंडानं दाखवायची नाही, कात्रीनं निस्तरायची, हा दुकानाचा रिवाज. आपलं माप कधी चुकत नाही असं मालकांना अजून वाटतं, ते उगाच नाही.

पण नावाला कात्री लागत नाही. मास्तरांची मुलगी शाळा सुटल्यावर दुकानात यायची. पहिल्याच दिवशी मालकांनी तिला भलत्याच नावानं हाक मारली.

"माझं नाव ते नाहीये," पोरगी म्हणाली.

"असू दे गं," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "मोठी माणसं आहेत."

पुढे कारागीरही मालकांची री ओढू लागले. मुलीनं आणखी एकदोनदा बोलून पाहिलं आणि मग ती यायचीच बंद झाली.

खरं तर तिचं नाव मास्तरांच्या गेलेल्या आईचं. "म्हातारीचं नाव कशाला पोरीला?" असं बायको म्हणाली, तेव्हा या मुखदुर्बळ माणसानं जन्मात पहिल्यांदा आवाज चढवला होता. बहुतेक शेवटचाच.

परवा, कित्येक वर्षांनी, मुलगी पुन्हा दुकानात आली. नर्सची नोकरी लागली होती, ते बाबांना सांगायला. मालक खूश झाले. त्यांनी समोरच्या गिऱ्हाइकाला तिची ओळख करून दिली, त्याच भलत्या नावानं. मुलीनं या वेळी नुसतं बाबांकडे पाहिलं.

मास्तरांनी घसा खाकरला. मालकांकडे पाहिलं, गिऱ्हाइकाकडे पाहिलं, आणि जीभ कचरली. निदान पोरीला बस तरी म्हणावं म्हणून तोंड उघडलं, तर त्यातून तेच भलतं नाव बाहेर पडलं. सख्ख्या बापाच्या तोंडून.

"हो," म्हणून ती निमूट स्टुलावर बसली. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती जाईपर्यंत त्यांनी कापडावरून मान वर केली नाही.

संध्याकाळी घरी चपला काढता काढता त्यांनी हाक मारली. आईचं नाव, नीट, मोठ्यानं. मुलगी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती.

"कुणाला हाक मारताय, बाबा?" तिनं विचारलं.

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मास्तर एक चप्पल पायात तशीच ठेवून दारात उभे राहिले.