दाजींची वाईन मी फेल केली

आमच्या घराण्यात दारूला कुणी शिवत नाही, म्हणून दाजींच्या वाईनची परीक्षा घ्यायचं काम माझ्याकडं आलं.

आधी माझी पात्रता सांगतो. बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीत मी चोवीस वर्षं दूध तपासतोय. कॅनचं झाकण उघडलं, की एका हुंगण्यात सांगतो, म्हैस काल कांद्याची पात खाऊन आली आहे! चव घ्यायची, तोंडात फिरवायची, थुंकायची आणि निकाल द्यायचा : पास किंवा फेल. माझ्या नाकाला डेअरीत फार मान आहे. (घरात नाही. घरात मी ते नको तिथं खुपसतो म्हणून बोलणी खातो.)

दाजी म्हणजे आमच्या आक्काचे यजमान. निरवांगीचे. गळ्यात माळ, आणि रानात दोन एकर काबर्ने! ही वाईनची द्राक्षं. एका वायनरीशी करार करून त्यांनी सहा वर्षांपूर्वी लावली. पहिल्या पिकाची वाईन दोन वर्षं लाकडी पिंपात मुरून आता बाटलीत आली होती, आणि वायनरीनं नमुन्याची एक बाटली दाजींकडं धाडली होती. रविवारी अकरा वाजता तिथल्या मॅडम येणार, चव घेऊन बोलणार, आणि दाजींनी पुढच्या दहा वर्षांच्या करारावर सही करायची. नाहीतर वेल उपटून खायची द्राक्षं लावायची.

"बाळासाहेब," दाजी फोनवर म्हणाले, "त्या मॅडम काय, आपलीच वाईन चांगली म्हननार. मला माळेमुळं चव घेता येत न्हाय. तुमचं नाक घेऊन या. तुमी म्हनाल ती पूर्व."

इतका विश्वास माझ्यावर माझ्या बायकोनंही कधी टाकला नव्हता. मी काटेवाडीहून मोटारसायकल काढली आणि नऊ वाजता निरवांगीत हजर झालो.

घोळाला सुरुवात बुचानंच केली. बूच काढायचं यंत्र कुणाकडंच नव्हतं. शेवटी ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समधला स्क्रू ड्रायव्हर लावला, तर बूच बाहेर यायच्या ऐवजी आत गेलं आणि माझा पांढरा शर्ट जांभळा झाला. ("वास घ्यायला जास्त जागा मिळाली," असं मी सांगितलं. दाजींनी आदरानं मान डोलावली.)

मी स्टीलच्या पेल्यात दोन घोट ओतले आणि डोळे मिटून हुंगलं.

"लाकडाचा वास येतोय."

"अरं बापरं!" दाजी म्हणाले.

"आनि ढोबळी मिरची! शेजारी कुणाची ढोबळी मिरची हाय का?"

दाजी ताडकन उठले. "हाय की! बांधाला लागून शेडनेट हाय! बाळासाहेब, धन्य हाय तुमची!"

मी आणखी फुगलो. घोट घेतला, तोंडात फिरवला आणि अंगणात थुंकलो. जीभ खरखरीत झाली होती. हिरड्या कोरड्या पडल्या होत्या. गाल आतून गोळा झाले होते. वर आंबट, खाली कडवट! असलं दूध कुणी आणलं असतं तर मी त्याला गेटच्या आत घेतलं नसतं. पण नुसत्या जिभेवर निकाल देणारा मी नाही. मी शास्त्राचा माणूस आहे.

डेअरीत दूध टिकाऊ आहे का हे पाहायला नळीत दुधाएवढंच अल्कोहोल घालतात. गुठळ्या झाल्या की दूध फेल. मी म्हटलं, इथं उलटं करू. आजवर अल्कोहोलनं दूध तपासलं, आता दुधानं अल्कोहोल तपासू!

"आक्का, अर्धा पेला दूध आन."

"वाईनमदी? बाळ्या, डोकं ठिकानावर हाय का तुझं?"

"टेस्ट हाय ती, आक्का!"

मी दूध ओतलं. डोळ्यांचं पातं लवायच्या आत पेल्यात जांभळ्या गुठळ्या तरंगायला लागल्या. इतकं लख्ख फेल मी नोकरीत पाहिलं नव्हतं.

"दाजी," मी गंभीर आवाजात म्हणालो, "नासली. पंधरा दिवस टिकायची न्हाय."

दाजी खाली बसले. सहा वर्षं त्यांनी त्या वेलींना लेकरासारखं जपलं होतं. त्यांचा चेहरा बघून मला खरंच वाईट वाटलं. पण परीक्षकानं भावनेत वाहून चालत नाही. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "लांबन लावू नका. आजच काडून टाका."

दाजींनी फोन केला. जेसीबीवाला शेजारच्याच रानात बांध काढत होता. तिथलं काम उरकून पावणेअकराला तो बागेत शिरला. मी खुर्चीत बसून चहा प्यायलो आणि कर्तव्य केल्याचं समाधान अनुभवलं.

मॅडम अकराच्या ठोक्याला आल्या. बाटली बघून म्हणाल्या, "अरे वा, दोन तास आधीच उघडून ठेवलीत? छान! हिला हवा लागायलाच हवी होती." त्यांनी पिशवीतून काचेचा ग्लास काढला, वाईन ओतून हुंगली, घोट घेतला आणि (हे बघून मला बरं वाटलं) थुंकल्या. मग त्यांचे डोळेच चमकले.

"जीभ कोरडी पडली ना तुमची?" माझ्या जांभळ्या शर्टाकडं बघत त्यांनी विचारलं.

"पार!" मी म्हणालो. "आंबट बी हाय. लाकूड बी. आनि ढोबळी मिरची!"

"अगदी बरोबर! तो कोरडेपणा आणि आंबटपणाच वाईनला टिकवतो. ढोबळी मिरची काबर्नेचीच, लाकूड पिंपाचं. आत्ता कडक आहे, पण ठेवली तर मऊ होत जाईल. काका, तुमची वाईन पंधरा वर्षं टिकेल!"

"मग दूध का नासलं?" मी शेवटचा पुरावा पुढं केला.

मॅडमनी पेल्यात डोकावून पाहिलं. "दुधात लिंबू पिळलं तर लिंबू नासकं ठरतं का?"

तेवढ्यात रानातून जेसीबीचा आवाज फार स्पष्ट ऐकू आला.

मी जन्मात असा धावलो नव्हतो! माझ्या पुढं दाजी धावत होते, माळ हातात धरून. बागेत पोचलो तर पहिल्या ओळीतले अकरा वेल आडवे, आणि बाराव्याला पाठ लावून, जेसीबीच्या दातांसमोर, आक्का उभी!

"ह्याच्या नाकावर बाग काडताय व्हय?" ती दाजींवर ओरडली. "माझा भाऊ हाय, मला ठावं हाय त्यो! चूल जळत असली तरी ह्याला वास येतो, पन जळतंय म्हून कळत न्हाय!"

बाग वाचली. सही झाली. जाताना मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "नाक तुमचं खरंच उत्तम आहे हो. फक्त निकाल उलटा लागतो. दर वर्षी याल का चव घ्यायला? तुम्ही जी फेल कराल ती आम्ही मुरायला ठेवू, तिला भाव जास्त. जी पास कराल ती लगेच विकून टाकू."

तेव्हापासून मी दर वर्षी जातो, आणि दाजी दारातच हात जोडून सांगतात, "बाळासाहेब, यंदा बी चांगल्या शिव्या द्या बरं का!"

यंदाची वाईन मला मनापासून आवडली. गोडसर, मऊ, अगदी मलईसारखी. मी समोर पाहिलं. दाजी श्वास रोखून उभे होते. मी तो सुंदर घोट गिळून टाकला, तोंड शक्य तितकं वाकडं केलं आणि चोवीस वर्षांची अब्रू पणाला लावून म्हणालो, "फेल!"