मिनूच्या शाळेत माझं रडणं

मिनूला शाळेत ठेवायचं की तिचा दाखला आमच्या हातात द्यायचा, हे ठरणार होतं, त्या दिवशी मी रडण्याची तालीम करून शाळेत गेले होते.

मिनू आमची लेक. शाळेतलं नाव मृण्मयी. (हौस दोघांची! जिला लिहायचं म्हटलं की जिवावर येतं, तिला नेमकं हेच नाव ठेवायची बुद्धी कुणाला झाली, यावरून आमची अजून भांडणं होतात.) पोरगी सहावीत. एकदा कानावर पडलेलं विसरत नाही, किराण्याची बेरीज दुकानदाराच्या आधी तोंडी सांगते. पण पुस्तक उघडलं की अक्षरं तिच्यापुढे नाचू लागतात आणि पेपर कोरा येतो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हा आळस नाही, वाचण्या-लिहिण्याची अडचण आहे. डोकं तर चांगलंच तल्लख आहे. हेडमॅडमना ते पटेना. दुसरी शाळा बघा, असा त्यांचा निरोप आला.

मला चार माणसांत तोंड उघडायची भीती. म्हणून नालवाडीच्या आमच्या स्वयंपाकघरात तालीम सुरू झाली. हेडमॅडमचं काम आमच्या ह्यांनी मागून घेतलं. हे मूळचे रोहण्याचे. तिथल्या गणपतीतल्या नाटकात बाईचं काम दुसऱ्या कुणाला मिळायचंच नाही. टॉवेलचा पदर घेऊन, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून हे असे काही बसले की मी पोळी लाटता लाटता धाकानं उठून उभी राहिले. मॅडमसाठी आणलेला गोरसपाकही, आमच्याकडची ती तुपातली खुसखुशीत बिस्किटं, त्या भूमिकेत शिरून हेच खात होते. मी माझं भाषण म्हणायचे, हे मला मध्येच थांबवून सूचना द्यायचे. मिनू भिंतीशी बसून चित्र काढत होती. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

प्रत्यक्ष ऑफिसात आम्ही तिघं समोर बसल्यावर मॅडमनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि त्या म्हणाल्या, "पालकांनी भावनेच्या आहारी जाऊ नये."

हुबेहूब ह्यांचं वाक्य! पुढचं वाक्य माझं होतं. भाषण कुठे गेलं कोण जाणे. मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी पंख्याकडे पाहिलं. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून माझाच आवाज आला. मिनू बोलत होती.

"मॅडम, माझ्या मुलीच्या डोक्यात काही कमी नाई. कागदावरची अक्षरं तिच्यापुढं थांबत नाईत. तिले प्रश्न वाचून दाखवा, उत्तर तोंडी घ्या. तरी नाई आलं, तर आम्ही मुकाट्यानं तिले घरी नेतो."

मला भरून आलं. इथेच थांबली असती तर किती बरं झालं असतं! पण तालीम इथे थांबली नव्हती. मिनूनं आवाज बदलला आणि ह्यांचं काम सुरू केलं.

"इथं तू रडजो. पदर डोळ्याले लावजो. मॅडम वरून कडक आहे, पण पाघळते."

पुन्हा माझा आवाज. "कायची पाघळते! फोडणीतली मिरची आहे ती. अन् तुम्ही तो गोरसपाक संपवू नका, मॅडमले न्याचा आहे."

माझ्या मांडीवरच्या पिशवीत अर्धा पुडा होता. मी तो हळूच खुर्चीखाली सरकवला. मिनू माझ्याकडे बघत थांबली होती, कारण आता माझी रडायची पाळी होती. आणि मला हसू आलं! तोंडात पदर कोंबला तरी दाबेना.

मॅडम हसल्या नाहीत. हे कधी पाठ करून घेतलं, असं त्यांनी विचारलं. पाठ नाही करवलं, ती चित्र काढून राह्यली होती, असं ह्यांनी चाचरत सांगितलं. मॅडमनी कपाटातून विज्ञानाचं पुस्तक काढलं, माठातलं पाणी गार का होतं तो पुढचा, अजून न शिकवलेला धडा वाचून दाखवला आणि प्रश्न विचारला. मिनूनं उत्तर दिलं. मग तिनंच विचारलं, "मंग पावसाळ्यात माठाचं पाणी इतकं थंड काऊन नाई होत मॅडम? हवेत पहिलेच ओल राह्यते म्हणून न?"

मॅडमनी पुस्तक मिटलं. मग त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"चाचणी तोंडी घेऊ. प्रश्न मी स्वतः वाचीन," त्या म्हणाल्या. "आणि मिरची अशी पाघळत असते, हेही आईंना सांग."

तेव्हा मात्र माझा बांध फुटला. मी पदर डोळ्यांना लावून हुंदके देऊन रडले. मिनूनं माझा हात ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला समजावलं, "आई, तुले मंघा रडाचं होतं. आता नाई."

मिनू तोंडी चाचणीत उत्तम पास झाली आणि तिचा दाखला शाळेतच राहिला. त्या ऑफिसात नापास झाले ती मी एकटीच, आणि तेही घरून तयारी करून गेलेल्या विषयात.