खालच्या बांधाचा होकार

आमच्या बाबाला कुणी अडाणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. आणि त्याच्याइतका अडाणी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. दोन्ही खरं आहे.

भिवंडीबाहेर, वळ गावाच्या बाजूला आमची चार खाचरं आहेत, एकाखाली एक. भाताला पाणी उभं लागतं, पण जास्त झालं की ते खालच्या खाचरात सोडावं लागतं, तिथून त्याच्या खालच्या. वरच्याचं पाणी खालच्याच्या भातातून जाणार, यातून कुणाची सुटका नाही. म्हणून आमच्याकडे एक रीत आहे. बांधातली मोरी उघडण्याआधी वरच्यानं बांधावर उभं राहून ओरडायचं, "पानी सोडतो रं!" खालच्यानं आपली रोपं बघायची, आपली वाट मोकळी करायची आणि उत्तर द्यायचं, "येऊ दे!" उत्तर आल्याशिवाय मोरीला हात लावायचा नाही. खालच्याचं काही वाहून गेलंच, तर दुसऱ्या दिवशी वरच्यानं स्वतः जाऊन ते निस्तरायला हात लावायचा. या एका पिकापायी गावात कुणाला कुणाशी कायमचं वैर धरता येत नसे. लग्नात मानपानावरून रुसलेली माणसंसुद्धा आषाढात एकमेकांना हाका मारत.

मग आमच्या खालची, दुसऱ्यांची खाचरं विकली गेली. कुठलातरी डोंगर कापून आणलेला मुरूम त्यांत पडला, खेकडे-मासे त्याखाली गाडले गेले, आणि आमच्या शेवटच्या बांधाला चिकटून गोडाऊनच्या आवाराची भिंत उभी राहिली. मोरीपुढे भिंतीखालून एक पाइप तेवढा ठेवला होता. सुरुवातीला तिथं उत्तर प्रदेशातला एक म्हातारा वॉचमन होता, तोही भाताच्या गावचा. बाबाने त्याला रीत समजावली. तो भर पावसात छत्री घेऊन मागच्या बाजूला यायचा आणि इमानदारीत ओरडायचा, "आने दो, काका!" यंदा उन्हाळ्यात तो गावी गेला तो परत आलाच नाही.

त्याच गोडाऊनमध्ये मी कामाला होते. बुटांचे खोके येत, मी कॉम्प्युटरवर त्यांची नोंद करी. घरात पगार आणणारी मी एकटीच. आदल्या पावसाळ्यात पाइपातलं पाणी खोक्यांच्या खालच्या थराला लागलं होतं, म्हणून यंदा जूनमध्येच साहेबांनी विचारलं, "ये पाइप किसका है?" साहेब बाहेरचे, मराठी त्यांना कळत नसे. मी म्हटलं, "पता नहीं, सर." पाइपाच्या तोंडावर वाळूच्या गोण्या रचल्या तेव्हा बॅटरी मीच धरली होती. घरी यातलं एक अक्षर बोलले नाही. नोकरी टिकवायची म्हणून तोंड शिवून घेतलं, आणि आपण फार शहाणे आहोत असंही वाटलं.

शहाणपणा मी आधीही पाजळला होता. वरच्या तीन खाचरांत जुनं भात काढून बुटकं, जास्त पिकणारं बियाणं लावायला बाबाला मीच भाग पाडलं. जुनं भात कंबरेला लागेल एवढं वाढतं, चवीला गोड, पण पिकतं कमी. बाबाने ते फक्त सगळ्यात खालच्या खाचरात ठेवलं, बियाण्यापुरतं. गावात ते दुसऱ्या कुणाकडे उरलेलं नाही. कणगीतला शेवटचा दाणाही यंदा पेरला होता. ते खाचर गेलं असतं तर ते भात संपलं असतं.

रोपं लावून आठ दिवस झाले होते आणि पाऊस तीन दिवस थांबला नव्हता. दुपारी जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन आला.

"खालच्या खाचराचा बाजूचा बांध पाझराय लागलाय. फुटला तर रोपं रस्त्यावर जातील सगळी."

"मग मोरी उघडा ना!"

"बाबा मोरीवर उभा हाय कवापासून. आवाज देतो, पन खालून कोन जबाब देत न्हाय."

"अगं, खाली भिंत आहे! भिंत काय जबाब देणार?"

"त्याला सांग तू," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

मला इतका संताप आला की हातातला डबा आपटावा. बांध फुटायला आलाय आणि हा माणूस भिंतीची परवानगी मागतोय! पण दुसऱ्याच क्षणी गोण्या आठवल्या. बाबाने रीत मोडून मोरी उघडली असती, तरी पाणी कुठं जाणार होतं? ती वाट मी बुजवू दिली होती.

मी मागच्या शटरमधून बाहेर पडले. भिंत आणि गोडाऊन यांच्यामध्ये माणूसभर रुंदीची पट्टी आहे, त्यात एक गटार. पाणी घोट्यापर्यंत होतं. भिंतीपलीकडून बाबाचा आवाज आला, घसा बसलेला.

"पानी सोडतो रं!"

मी गोण्यांना हात घातला. भिजलेली वाळू, एकेक गोणी दोन हातांनी हलेना. पहिली ओढताना पाय घसरला आणि गुडघा फुटला. आतून कुणीतरी माझ्या नावाने हाक मारली. मी पुढच्या गोणीला हात घातला. गटार एवढं पाणी घेणार नाही हे मला दिसत होतं. उरलेलं शटरखालून आत जाणार, खोक्यांना लागणार. शेवटची गोणी बाजूला झाली तेव्हा पाइपाचं काळं तोंड मोकळं झालं; आता पाणी अडवायला फक्त पलीकडच्या मोरीतला चिखल आणि दगड उरले होते.

"पानी सोडतो रं!"

हे उत्तर देणं म्हणजे नुकसान आपल्या अंगावर घेणं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मला भीती वाटली. तरी मी भिंतीला तोंड लावून ओरडले, "येऊ दे!"

पलीकडून फावड्याचा आवाज आला, आणि पाइपातून लाल पाणी भसाभसा माझ्या पायांवर आलं.

बांध वाचला. आत खोक्यांचा खालचा थर भिजला. साहेब संध्याकाळपर्यंत चिडलेले होते, पण पाण्याच्या जोराने गोण्या सरकल्या असं त्यांचं त्यांनीच ठरवलं. मी मान डोलावली. घरी बाबाने माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, हळद लावली, आणि एवढंच विचारलं, "खाली काय काय भिजलं?" मी सांगितलं. मला वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर गडबड ऐकून साहेब बाहेर गेले, मागोमाग मी. गेटमध्ये बाबा उभा होता. लग्नाकार्याचा धुतलेला सदरा अंगात, खांद्यावर कोरडं गोणपाट, आणि मागे आई. त्याने साहेबांना हात जोडले.

"काल पानी मी सोडलं. माझ्या पोरीनं आतून हो म्हटलं, मंगच सोडलं. तुमचं भिजलंय ते दाखवा. आमी दोघं उचलून देतो, वाळवून देतो."

साहेबांना "पानी" सोडून एक शब्द कळला नव्हता. ते माझ्याकडे वळले. "क्या बोल रहा है ये आदमी?"

काहीही सांगता आलं असतं. काम मागतोय, पत्ता चुकलाय, मला माहीत नाही. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होता, आपलं म्हणणं पोरगी नीट पोचवेल या भरवशावर. मला त्याचा राग आला आणि रडूही आलं.

"सर, ये मेरे पिताजी हैं," मी म्हटलं. "गोनी मैंने हटाई थी. पानी को हाँ मैंने बोला था."

साहेबांचा चेहरा बदलत गेला. बाबाला हिंदी फारसं कळत नाही. मी बोलायची थांबले तसं त्याने समाधानाने मान हलवली आणि सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या.

"चला," तो म्हणाला, "कुठं हाय भिजलेलं?"